गवतचाळीचं छप्पर

आमच्या चाळीत गुपित टिकत नाही. खोल्यांच्या मधल्या भिंती माणसाच्या डोक्याच्या हातभर वर जातात आणि तिथेच थांबतात. त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कौलारू छप्पर. त्यामुळे दोन नंबरात भांडण झालं तरी सात नंबरात ऐकू येतं, आणि बोंबील कुणीही भाजला तरी वास सगळ्यांच्या वाट्याला. जौनपूरचे भाऊ पहिल्या खोलीत पाणीपुरीचा मसाला कुटतात तेव्हा मी चौथ्या खोलीत शिंकते. पूर्वी मी भिंतीवरून ओरडायचे. आता नुसती शिंकते.

डहाणूत मसोलीच्या कडेला, रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून ही चाळ उभी आहे. आमचे मालक चिमणशेठ यांच्या पणजोबांनी ती गवताचे भारे बांधणाऱ्या मजुरांसाठी बांधली. तेव्हा डहाणूकडचं गवत मालगाडीत भरून मुंबईच्या तबेल्यांना जायचं म्हणे. गवत गेलं, ते मजूर गेले, चाळीला मात्र नाव चिकटलं ते चिकटलंच. नंतर जो कोणी गाव सोडून पोटासाठी डहाणूत उतरला तो या गवतचाळीत शिरला. जौनपूरचे भाऊ आले. ते किती आहेत हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. उंबरगावकडचा एक शिंपी आला. नंदुरबारकडचे दोघे गवंडी आले. त्या सगळ्यांच्या आधी मी आले.

मी सरला, शिरपूरकडची. लग्न होऊन आले तेव्हा नवरा इथल्या फुग्यांच्या कारखान्यात होता. तो गेला, आणि आता मी त्याच कारखान्यात फुगे पिशव्यांत भरते. मुलगा बोईसरला बायकोमुलांसकट एका खोलीत राहतो. तो म्हणतो, आई ये. सून काहीच म्हणत नाही, आणि मला ते नीट ऐकू येतं. इथली माझी खोली दहा बाय दहाची. मागे खिडकी नाही. सगळ्या चाळीला मिळून संडास दोन, त्यातल्या एकाचं दार आतून हाताने धरून बसावं लागतं. नळ एकच आहे आणि तो स्वतःच्या मर्जीने येतो. उन्हाळ्यात आतली हवा अशी तापते की देवाच्या समईतलं तेल आपोआप पातळ होतं. तरीपण दाराला कुलूप माझं आहे, आणि या वयात बाईला तेवढं पुष्कळ झालं.

पाच नंबरात सुक्या आणि सुकी राहायला आले तेव्हा मला त्यांच्या नावांचंच हसू आलं होतं. दोघं वारली जमातीची, तलासरीच्याही पलीकडून, उधव्याच्या पुढे डोंगराला टेकलेल्या एका पाड्यावरून आलेले. सुक्या चिकूच्या वाडीत कामाला लागला. सुकी चार घरची धुणी करायची. मुलं गुणी, पण त्यांच्याकडे पाहुणे फार. पाड्यावरचं कुणी कोर्टात, बँकेत, दवाखान्यात आलं की मुक्काम ठरलेला. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. एका पाहुण्याचे पाय तर दाराबाहेर असायचे.

"सुक्या, धर्मशाळा काढलीस का रे?" मी भिंतीवरून विचारायचे.

"नाय बाय, मामा हाय," पलीकडून उत्तर यायचं.

दर वेळी मामाच. एवढे मामा असलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

सुकीला दिवस गेले आणि तिची सासू तिला न्यायला आली. बाळंतपण पाड्यावर व्हायचं, अशी सासूची समजूत. मी तांदूळ निवडत होते. ऐकायचं नव्हतं, पण छप्पर एक म्हटल्यावर कान कुठे ठेवणार? सुकी हळू बोलत होती. पहिल्या वेळी रात्रीच तिला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं होतं. मग जीपची वाट पाहिली. मग जीप आली आणि वळणावळणांनी चालत राहिली. मूल त्या जीपमध्ये झालं, रडलंच नाही, आणि जीपमध्येच गेलं.

"रस्ता संपंचना, आये," ती म्हणत होती. "मी डोळे मिटं, उघडं, तरी रस्ताच. आथा मी नाय येणार. हितून दवाखाना जवळ हाय."

त्या दिवशी मला कळलं की त्या दोघांनी पाडा का सोडला. माझ्या हातातले तांदूळ तसेच राहिले. त्यानंतर मी पाहुण्यांवरून बोलले नाही असं नाही, पण आवाज खाली आला.

आणि अशात चैत्रात, महालक्ष्मीच्या जत्रेच्या सुमाराला, सात नंबरात एक वासा कौलांसकट खाली आला. शिंपी मशीन सोडून पाणी प्यायला उठला होता म्हणून वाचला. मशीन मात्र मोडलं. लगेच नगरपरिषदेचा इंजिनिअर आला. तुषार त्याचं नाव, माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने काठीने दोन-तीन ठिकाणी वर टोचून पाहिलं, डोळ्यांत पडलेली माती पुसली आणि म्हणाला, "भिंती चांगल्या आहेत, मावशी. जुनं काम आहे, दणकट. पण छप्पर धोकादायक झालंय. पावसाआधी दुरुस्त करा, नाहीतर चाळ खाली करावी लागेल." तशी नोटीस नळाशेजारच्या भिंतीवर चिकटली.

दुरुस्त कोण करणार? आम्ही सगळे चिमणशेठकडे गेलो. त्यांचं स्टेशनजवळ किराण्याचं दुकान आहे.

"सरलाबेन, तुम्हीच सांगा," ते तांदूळ मोजता मोजता म्हणाले, "तुमच्या भाड्यात नवीन छप्पर येतं का? मी तर म्हणतो देवानेच इशारा दिला. खाली करा. मला पण त्या जागेचं काहीतरी करायचं आहे."

त्यांना त्या जागेचं काय करायचं होतं ते सगळ्या डहाणूला माहीत होतं. एक बिल्डर त्यांच्या दुकानात रोज चहा पीत होता.

"शेठ, पाच नंबरातली पोर पोटुशी आहे. तिचं होईपर्यंत तरी," मी म्हटलं.

"प्रत्येकाचं काही ना काही असतं, सरलाबेन."

आम्ही एक कंत्राटदार आणला. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून त्याला कुणी चहासुद्धा विचारला नाही. मग जो तो आपापली सोय पाहू लागला. मी फुग्यांच्या कारखान्यातून सुटले की सुकीसाठी खोली शोधत फिरत होते. कुठे भाडं परवडत नव्हतं, कुठे वारली म्हटल्यावर खोली नुकतीच गेलेली असायची, आणि कुठे मालकीण सुकीच्या पोटाकडे पाहून म्हणायची, आमच्याकडे बाळंतपणं नकोत. मी दोन मालकिणींशी भांडले. भांडून खोली मिळत नाही, पण बरं वाटतं.

सुकीचं जेवण कमी झालं होतं. कधी मध्येच मला विचारायची, "बाय, हितून कॉटेज किती लांब?" सरकारी दवाखान्याला इथे सगळे कॉटेजच म्हणतात. तिला तपासायला नर्सबाई चाळीतच यायच्या, त्यामुळे ती तिकडे कधी गेली नव्हती. मी म्हणायचे, "जवळ आहे गं." ती मान हलवायची, पण तिला ते खरं वाटत नसे. जवळ आहे असं तिला आधीही कुणीतरी जीपमध्ये सांगितलं असणार. चाळ रिकामी झाली की तिला पाड्यावर जावं लागणार होतं, आणि पुन्हा तोच रस्ता.

मे महिन्यात पाड्यावर सुक्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. तो एकटाच जाऊन आला. मी विचारलं, तर म्हणाला, "बेस झाला लगीन." एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी चुलीजवळ भाकरी थापत बसले होते. डोक्यावर खडखड झालं. मला वाटलं मांजर असेल. मग परातीत एकदम ऊन पडलं. माझ्या खोलीत ऊन कधीच येत नाही, म्हणून मी वर पाहिलं. छपराला भोक, भोकातून आभाळ, आणि आभाळाच्या मधोमध फेटा बांधलेला एक म्हातारा.

"बाय, जरा बाजूला हो," तो म्हणाला. "भाकरीत माती पडंल."

"तू कोण रे मेल्या? ठेव ते कौल जागेवर!"

"मी भिका. सुक्याचा मामा."

या वेळी खरोखरचा मामा होता, आणि तो माझं घर उघडत होता. मी पिठाच्या हाताने बाहेर धावले. बाहेर दोन टेम्पो उभे होते आणि अंगणात माणसंच माणसं. पुरुष छपरावर चढलेले. बायका ओळीने उभ्या राहून वरून आलेलं कौल हातोहात खाली पोचवत होत्या. पोरं फुटकी कौलं वेगळी टाकत होती. एक नंबरपासून चार नंबरपर्यंत चाळ उघडी पडली होती. जौनपूरचे भाऊ "अरे चाचा, हमारी चटनी! चटनी!" असं ओरडत पातेल्यांवर चादरी टाकत होते.

सुक्या नळावरून बादली घेऊन येत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि बादलीतलं सांडलं.

"मामा! मी बोलावला नवता कोणाला!"

"नवता कसा?" भिकामामा आढ्यावर बसून म्हणाला. छपराच्या मधल्या उंच तुळईला आढं म्हणतात. त्यावर हा म्हातारा ओट्यावर बसल्यासारखा बसला होता. "लगनात, मांडवात, सगल्यांसमोर तूच बोललास ना, माझा घर गलतंय?"

"मी नुसता सांगला!"

"मंग? सांगलास म्हंजे बोलावलास."

सुक्या बादली ठेवून मटकन खाली बसला. मग त्याने मला सांगितलं. त्यांच्या पाड्यात कुणी कुणाला कामाला या असं म्हणत नाही. ते लाजिरवाणं समजतात. भरल्या मांडवात घर गळतंय एवढंच बोलायचं. पुढच्या मोकळ्या दिवशी सगळा पाडा हजर होतो आणि छप्पर शाकारून देतो. हा पठ्ठ्या वर्षभर डहाणूत राहिला आणि विसरला. इथे आपण गळक्या छपराची रड रोज कुणाजवळ तरी करतो, आणि कुणी जागचं हलत नाही.

"अरे पण तुझ्या खोलीचं करा ना," मी वर ओरडले. "आमची कशाला उघडली?"

"आढा एकच हाय, बाय," भिकामामा शांतपणे म्हणाला. "तुझा वासा कुजका राहिला तर त्याचा चांगला काय कामाचा?"

त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना, त्यामुळे मला आणखीनच राग आला. टेम्पोत पाहिलं तर सागाचे जुने वासे आणि कौलांच्या थप्प्या. भिकामामाचं घरकुल झालं होतं, स्लॅबचं. जुनं घर उतरवल्यापासून त्याची लाकडं आणि कौलं पडून होती. पाड्यावरच्या आणखी दोघांचीही तशीच. ती सगळी उचलून हे लोक पहाटेच निघाले होते. एक टेम्पोवाला तर त्यांचाच कुणीतरी होता. मामाच असेल.

कुणीतरी चिमणशेठना फोन केला. ते स्कूटरवरून आले. उतरायच्या आधीच वर बघू लागले आणि स्कूटर नळाच्या कट्ट्याला धडकली.

"आ शुं मांड्युं छे? माझ्या चाळीचं छप्पर कोणी काढलं?"

शेठ या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. तोपर्यंत निम्मी चाळ उघडी झाली होती. आणि जाता जाता त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला. ते परत आले तेव्हा मला त्यांचा आवाज फार गोड वाटला.

"चला, बरंच झालं," ते म्हणाले. "काम बंद करा. छप्परच नाही तर राहणार कसं? आज ने आज सगळ्यांनी खाली करा. मी इंजिनिअर साहेबांनाच बोलावतो."

सुकी नळाच्या कट्ट्यावर बसली होती. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. मला भिकामामाचा, सुक्याचा, त्या सगळ्या पाड्याचा असा संताप आला की काय सांगू. नोटिशीने जे अजून केलं नव्हतं ते या भल्या माणसांनी सकाळच्या प्रहरी करून ठेवलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

तुषार साहेब अर्ध्या चड्डीत, हातात दुधाची पिशवी घेऊन आला. रविवारी बोलावल्यामुळे वैतागला होता. पण वर बघता बघता त्याचा वैताग गेला. त्याने शिडीवर चढून एक नवा बसवलेला वासा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. वासा हलला नाही.

"शेठ, नोटिशीत दुरुस्त करा असंच लिहिलंय," तो खाली येऊन म्हणाला. "हे दुरुस्तच करतायत. आणि चांगलं करतायत."

"पण जागा माझी आहे ने? मी परवानगी दिलेली नाही."

तुषारने मान खाजवली. माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "ते खरं आहे, मावशी. मालकाची संमती लागते. शेठ नाही म्हणाले तर मला काम थांबवावं लागेल."

छपरावरचे हातोडे थांबले. वर भिकामामाने मान वळवली.

"कोण मालक?" त्याने विचारलं. "घरधनी आला?"

"हा काय, मीच मालक," चिमणशेठ छाती काढून म्हणाले.

भिकामामा सत्तरीचा असेल, पण पोरासारखा भराभर शिडी उतरला. त्याचं सगळं तोंड हसत होतं. "आरं, मंग सकालपासून होता कुठं तुमी? आमी वाट बघतोय! घरधन्याशिवाय आढा कसा बंद करणार?" आणि वळून हाक दिली, "ए, घरधनी आला गं! पाणी आणा!"

आता त्यांच्या पाड्यातली रीत अशी, हे मला सुक्याने नंतर सांगितलं. ज्याच्या घराचं छप्पर शाकारायचं, तो त्या दिवशी काम करत नाही. त्याला खाटेवर बसवतात, पाय धुतात, कपाळाला कुंकू लावतात. आढ्यावरचं शेवटचं कौल त्याच्याच हातून जावं लागतं, नाहीतर ते घर लाभत नाही. सुक्या भाडेकरू आहे, मालक दुसराच आहे, एवढं पाड्याला माहीत होतं. त्यांनी सरळ धरलं होतं की घराचा मालक आहे म्हणजे घर नीट व्हावं असं त्यालाच सगळ्यात जास्त वाटत असणार. मालकाला आपलंच घर पडायला हवं असेल, हे त्या माणसांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

दोन म्हाताऱ्या तांब्या घेऊन आल्या. एकीने खाली वाकून शेठच्या चपला काढल्या, दुसरीने पायांवर पाणी घातलं. शिंप्याच्या दारातली खाट कुणीतरी ओढून आणली. शेठ "अरे, पण, अरे" म्हणेपर्यंत खाटेवर बसलेसुद्धा. कपाळाला कुंकू लागलं. सगळा पाडा छपरावरून, शिडीवरून, अंगणातून त्यांच्याकडे बघून हसत होता. आपल्याला बघून एवढी माणसं खूश झाली आहेत, असं चिमणशेठच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. त्यांना तोंड कसं ठेवावं ते समजेना.

भिकामामाने एक चांगलं, न चिरलेलं कौल निवडलं, फेट्याच्या टोकाने पुसलं आणि शेठच्या मांडीवर ठेवलं. "हा शेवटचा. संध्याकाली तुमच्या हातानं द्यायचा. तवर जपा."

शेठ त्या कौलाकडे बघत राहिले. तुषार साहेब मोठा हुशार पोरगा. त्याने दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अगदी सहज विचारलं, "मग शेठ, संमती आहे ना?"

मी सुकीकडे पाहिलं नाही. माझं धाडस झालं नाही.

चिमणशेठनी वर पाहिलं, मग नव्या वाशांकडे, मग आपल्या ओल्या पायांकडे. "हवे शुं बोलूं?" आता काय बोलणार, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "करा. पण वरून कोणी पडलं तर मी जबाबदार नाय, सांगून ठेवतो."

माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते. मी पुढे झाले आणि गोड आवाजात म्हटलं, "शेठ, आजचं जेवणही घरधन्याकडचं असतं म्हणे." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण भिकामामाने जोरात मान हलवली, म्हणजे ते खरंच निघालं. शेठनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी अजून जपून ठेवलाय. पण दुकानातून तांदळाचं पोतं आलं, डाळ आली, तेलाचा डबा आला.

अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या. जौनपूरच्या भावांनी बटाट्याची भाजी केली, मी खान्देशी ठेचा केला, पाड्यावरच्या बायकांनी भात शिजवला. माझ्या ठेच्याने तुषार साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो घरी दूध पोचवून परत आला होता. जेवताना भिकामामा माझ्या शेजारी बसला. मी सकाळी त्याला मेल्या म्हटलं होतं ते त्याच्या लक्षात असेल की काय, असं वाटून मी त्याला दोनदा भात वाढला. तो सगळा जेवला.

ऊन कलायच्या आत शेवटची ओळ झाली. चिमणशेठ दुपारी निघून जातील असं मला वाटलं होतं. ते गेले नाहीत. खाटेवर बसून कौल सांभाळत होते, आणि मधून मधून "ए, तिथे जरा वाकडं दिसतं" असं वर ओरडत होते. मग ते दोन पायऱ्या शिडी चढले आणि दोन्ही हातांनी कौल वर दिलं. भिकामामाने ते आढ्यावर बसवलं, वरून थाप मारली आणि म्हणाला, "बेस."

निघताना मामाने सुकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आथा पाड्यावर ये असा नाय बोलणार कोणी," तो म्हणाला. "हितंच ऱ्हा. पोर झाली का सांग." आणि मग सुक्याकडे वळून, "नुसता सांग. आमी येऊ."

सोमवारी तुषार साहेब कचेरीच्या कपड्यांत आला, फोटो काढले, नोटीस भिंतीवरून उतरवली. चाळ होती तशीच आहे. संडास दोनच आहेत, नळ मर्जीने येतो. रात्री भिंतीवरून जौनपूरच्या भावांचं घोरणं ऐकू येतं. मी त्यांना ओरडत नाही. निदान तो आठवडा तरी ओरडले नाही.

बरोबर पुढच्याच आठवड्यात, मी सुट्टीवर घरी असताना, सुकीने भिंतीपलीकडून हाक मारली. "बाय, पोटात लागलाय." सुक्या वाडीत होता. शिंप्याच्या मुलाला त्याच्याकडे पाठवलं आणि मी पाच नंबरात गेले. सुकी उभी राहून गाठोडं बांधत होती. त्यात गोधडी, पाण्याच्या दोन बाटल्या, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि बॅटरी. भर दुपारी बॅटरी. मी विचारणार होते, पण तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं नाही. गाठोडं मी खांद्याला लावलं.

कोपऱ्यावर रिक्षा मिळेल म्हणून निघालो. कोपऱ्यावर रिक्षा नव्हती. पुढच्या वळणावर असेल म्हणून पुढे गेलो. सुकी माझा दंड धरून, ओठ दाबून, खाली बघत चालत होती. एक कळ आली, ती थांबली, कळ गेली, पुन्हा चालू लागली. पाऊल मोजून टाकत होती, फार लांब जायचं असलं की माणूस जसं जपून चालतं तसं. पुढची कळ यायच्या आधी मी तिला थांबवलं.

"का गं बाय, दमलीस?" तिने विचारलं.

"नाही. आलो."

तिने मान वर केली. समोर दवाखान्याचं फाटक होतं, आत रुग्णवाहिका उभी होती, व्हरांड्यात लोक बसले होते.

"कुठं आलो?"

"कॉटेजला."

तिने मागे वळून पाहिलं. तिथून रस्ता सरळ दिसत होता, चाळीच्या वळणापर्यंत. "येवढाच?" ती म्हणाली. "आणि संपला?" मग ती फाटकाच्या खांबाला धरून रडायला लागली. मी रागावणार होते, की बाई आधी आत चल, रडायचं ते नंतर रड. तोंड उघडलं आणि मलाच रडू फुटलं. एक नर्स व्हरांड्यातून धावत आली. तिला वाटलं असेल, दोघींपैकी बाळंतीण कोण?

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. मला आत बोलावलं तेव्हा पोर अख्खा वॉर्ड डोक्यावर घेऊन रडत होती. शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून उठून बसली होती. मी चटकन बाळाला उचलायला हात पुढे केले.

सुकीने माझा हात धरला.

"रडूं दे, बाय," ती म्हणाली. "गप नको करूस तिला."